ताईच्या शेवंतीतली भेसळ

प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत. वाळलेल्या फुलांची पिशवी उघडली रे उघडली, की यंत्राआधी बाईंचं नाक आत. अर्थात निकाल काही नाकावर लागत नाही. फुलं दळायची, अर्क काढायचा, यंत्रात घालायचा. मग कागदावर उंचसखल टोकं उमटतात आणि माल किती कसाचा, डोंगरावरचा की सपाटीवरचा, ते कळतं.

त्या आठवड्यात औषधी शेवंतीचे नमुने आले होते. पिशव्यांवर फक्त आकडे. माल कुणाचा ते सही झाल्यावरच उघड व्हायचं. एका नमुन्यात डोंगरी शेवंतीचं टोक झकास होतं, पण शेजारी सपाटीच्या जातीचंही डोकावत होतं. बाईंनी पुन्हा दळून पाहिलं. तेच. ‘भेसळ’ लिहून त्यांनी झोकात सही ठोकली, मग नाव पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली. माल त्यांच्या थोरल्या ताईचा होता.

ताई कसली, आईच ती. आई गेल्यावर स्वतःची शाळा सोडून तिनं धाकटीला शिकवलं होतं. डोंगरउतारावर शेवंती लावून यंदा पहिल्यांदाच तिनं औषध कंपनीला माल दिला होता. आता कंपनी तिला दारात उभं करणार नव्हती. शिवाय ताई आणि भेसळ? सही मात्र त्यांनी खोडली नाही.

रविवारी त्या तोंड पाडून ताईकडे गेल्या. ताई गच्चीवर फुलं वाळत घालत होती.

“ताई, तुझ्या मालात दुसरी फुलं निघाली गं. मीच तसं लिहिलंय.”

“मग खरं तेच लिहिलंस की. रडतेस काय?”

“पण आली कुठून ती?”

ताई जरा ओशाळली. “अगं, तूच नाही का शेवंतीची रोपं आणून दिलीस मागे, तुमच्या सपाटीवरच्या बागेतली? इथं धरत नव्हती मेली. आडोसा करून पोसली. तोडताना ती वेगळी काढायला मन होईना. म्हटलं, धाकटीचीही औषधाला लागू देत.”

बाईंना हसूही आलं आणि रडूही. जन्मभर आपण जिच्याकडून घेतच आलो, तिला एकदा काय ती चार रोपं दिली, तर तीसुद्धा हिनं जिवापाड वाढवली. हे उपकार कुठल्या यंत्रात घालायचे? त्यांनी ताईला घट्ट मिठी मारली.

“कंपनीला दुसरा नमुना पाठव. तपासेल दुसरं कुणीतरी.”

“बरं बाई. आता डोळे पूस, आणि यातली तुझी कुठली ते दाखव मला. ती मी विकायची नाही.”