तेवीसचा पाढा

परदेशात गेलं की पैसे साठतात, असं गावात सगळ्यांना वाटतं. जेद्दाच्या अल अझीझिया भागातल्या आमच्या खोलीत पैसे फारसे साठले नाहीत, किस्से मात्र इतके साठले की खोली अपुरी पडायला लागली! आम्ही तिघं. मी एसी दुरुस्त करणारा, सतीश चिपळूणचा इलेक्ट्रिशियन, आणि इस्माईलभाई दापोलीचे, आमचे फोरमन आणि खोलीतले वडीलधारे. तिघांना आजार एकच. रियालमधली किंमत ऐकली की तेवीसने गुणून रुपये काढायचे आणि वस्तू गुपचूप जागेवर ठेवायची!

*

सतीश नवीन होता तेव्हा केस कापायला गेला आणि तसाच परत आला. "पंधरा रियाल! म्हणजे तीनशे पंचेचाळीस! एवढ्यात आमची अख्खी आळी भादरून निघेल!"

इस्माईलभाईंनी ट्रिमर काढला. "बस इथं. फुकट करतो."

पुढे पंधरा दिवस सतीशने कामावर हेल्मेट काढलं नाही, जेवतानासुद्धा. शेवटी सेफ्टी ऑफिसरने सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "देखो, सेफ्टी इसको बोलते हैं!"

*

भाईंची दापोलीला हापूसची कलमं आहेत. सीझनला इथल्या सुपरमार्केटात हापूस आला की ते रोज जायचे, एक आंबा उचलायचे, वास घ्यायचे, तेवीसने गुणायचे आणि परत ठेवायचे. आठव्या दिवशी तिथला मल्याळी सेल्समन वैतागला. "भाई, अब सूंघने का भी पैसा लगेगा!"

भाई ताठ उभे राहिले. "अरे, ये मेरे गाँव का है. मैं तो हालचाल पूछने आता हूँ!"

*

मग सतीशने नियम काढला. जो गुणाकार करील, त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. पहिला महिना भाईंनीच घासली. नंतर ते मनातल्या मनात गुणायला लागले, पण ओठ हलायचे. लगेच नियमात दुरुस्ती झाली, ओठ हलले तरी भांडी!

*

भाईंच्या इथल्या अठरा वर्षांत रुकय्याभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, जेद्दा पाहिलं नव्हतं. यंदा भाईंनी त्यांचा व्हिजिट व्हिसा काढला, आमच्याच बिल्डिंगमध्ये महिनाभरासाठी खोली घेतली, नवे पडदे लावले. आणि मग घाबरले.

"कोथिंबिरीच्या काड्या मोजून घेणारी बाई ती. इथले भाव कळले तर पाण्याची बाटलीसुद्धा पिणार नाय. एकदा तरी तिनं इथं मनासारखं खावं, मनासारखं घ्यावं रे." भाईंना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. खूप वाईट वाटलं.

भाभी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाजीच्या दुकानात गेलो. भाभींनी एक नारळ उचलला, कानाशी धरून हलवून पाहिला. पाटीवर किंमत अरबी आकड्यात होती. आम्हाला वाटलं, सुटलो. पण रोज कुराण वाचणाऱ्या बाईला तो आकडा कळायला किती वेळ लागणार!

"अवो, आठ लिवलंय. म्हणजे आपले किती?"

मी आणि सतीश भाईंकडे बघायला लागलो.

"आठच," भाई म्हणाले.

"आठ रुपयांना नारळ? आपल्याकडंसुद्धा एवढा स्वस्त नाय! मग चार घ्या. आमसुलं आणलीत मी, या पोरांना सोलकढी करते."

भाईंचे ओठ हलायला लागले.

सतीश हळूच म्हणाला, "भाई, भांडी!"

"कसली भांडी?" भाभींनी विचारलं.

"काय नाय," भाई म्हणाले. "सहा घे!"