तेजूला पाहायला हॉकीवाले आले

मंगळवारी सकाळी आमच्या दारात हैदराबादची एक भली मोठी गाडी येऊन उभी राहिली... आदिलाबादच्या आमच्या गल्लीत ती गाडी वळेपर्यंत अर्धी गल्ली बाहेर आली होती.

समोरच्या सुलभाबाईंनी तर गेटवरूनच विचारलं, "काय वो काकू, तेजूले पाहाले आले काय?" मी म्हटलं, "हो, पाहालेच आले. पण हॉकीच्या टीमसाठी!" त्यांना काही पटलं नाही. त्या तशाच कंपाउंडला टेकून उभ्या राहिल्या.

तर सांगते... तेजू माझी नात. बासरच्या देवळात सरस्वतीपुढे बसवून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं तिच्याकडून, अन पोरीने पुढे हातात धरली ती हॉकीची काठी. गुडघा गेला म्हणून खेळणं सुटलं. मग एका टीमच्या ऑफिसात लागली... खेळाडूंचे करार, गाड्या, डॉक्टर, सगळं तीच बघायची.

आता पोरींच्या दुसऱ्या एका टीमला जनरल मॅनेजर पाहिजे होता. टीम सगळ्यात खाली. मी तेजूसोबत मोबाईलवर त्यांच्या मॅचेस पाहिल्या ना... तीन क्वार्टर बरे खेळतात अन शेवटच्यात धडाधड गोल खातात. जीव नुसता खालीवर होतो. पण तेजूला हीच टीम पाहिजे होती, एवढ्या वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नाही. आणखी दोघं जण रांगेत होते, दोघं मोठे नावाजलेले खेळाडू.

टीमचे मालक अन मालकीणबाई नागपूरला चालले होते, म्हणाले वाटेत घरीच भेटून घेऊ. अलीकडच्या नेरडीगोंडा गावाहून फोन आला की पोचतोच... अन माझी तर्री अजून उकळायची होती! पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा नसला तर मला वाढवत नाही. सून म्हणाली कमी तिखट करा, बाहेरचे लोक आहेत. मी काही तिखट कमी केलं नाही.

तेजूने मला आधीच बजावलं होतं. "आजी, तू पोहे दे अन आतमंदी जाय. एक शब्द बोलू नको." मी हो म्हटलं. पण पोहे देऊन जरा दिवाणावर टेकले अन मग उठवेना... खरं सांगू? उठायचंच नव्हतं.

मालक विचारत होते, तेजू उत्तरं देत होती. तेलुगूत, हिंदीत, फाडफाड. पोरी शेवटच्या क्वार्टरला दमतात काऊन, कोणाला कधी बाहेर बसवायचं, सगळं सांगितलं. पण बसली होती अशी, जशी परीक्षेला बसली.

शेवटी मालकीणबाईंनी विचारलं, तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का? तेजू म्हणाली, "नहीं मॅडम, कुछ नहीं."

आता बघा, आमच्या घरात सोयरिकीची विचारपूस पहिल्यापासून माझ्याकडे. पोरीकडच्यांनी एक गोष्ट विचारल्याशिवाय उठायचं नाही, हा आमचा रिवाज... आधी कुठं बोलणी झाली होती काय, अन ती मोडली काऊन. समोर पोहे, समोर पाहुणे, बाजूला पोरगी मान खाली घालून. माझं तोंड आपोआप उघडलं.

"साब, एक बात पूछती. तुम्हारा पहलेवाला मॅनेजर काहे कू गया? और उसके पहलेवाला?"

तेजूने माझ्या पायावर पाय दिला. मालकांचा चमचा हातातच राहिला. मला वाटलं, गेलं! पोरीचं सोन्यासारखं काम मी घालवलं.

तेवढ्यात मालकीणबाई खळखळून हसल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "अब बोलो ना! अम्मा पूछ रही है."

मालक लाल झाले. तर्रीने की कशाने, देव जाणे. मग हळूच म्हणाले, "मेरी वजह से गए अम्मा. मॅच चालू रहता और मैं कोच को फोन करता... इसको निकालो, उसको डालो."

अन तेजूने चहाचा कप खाली ठेवला. पाठ सरळ केली. म्हणाली, सर, मग माझी एक अट आहे. कोण खेळणार ते कोच ठरवेल, काही चुकलं तर मला विचारा. कोचला अन पोरींना तुमचा फोन जाणार नाही.

मी तर पदरच तोंडाला लावला. मालक "सोचते हैं" म्हणाले, पोहे मात्र संपवले, अन गाडी निघून गेली.

दिवसभर तेजू माझ्याशी बोलली नाही. मी अंबाडीची भाजी निवडत बसले, काड्या कुठं अन पानं कुठं तेही कळेना. सुलभाबाई दोनदा विचारून गेल्या, "काय म्हणे पाव्हणे? पसंत हाय काय?"

दिवेलागणीला फोन आला. तेजू ऐकत होती, ऐकत होती... अन एकदम खालीच बसली. पसंत होती पोरगी! अटीसकट!

मग मालकीणबाईंनी मला फोनवर बोलावलं. म्हणाल्या, "अम्मा, तुम्हारा वो मसाला भेजना. और कोच का नंबर मैंने इनके फोन से निकाल दिया." तेजू रडत रडत हसत होती. मला म्हणाली, "आजी, तू ना... तुले काय म्हणू मी!" म्हटलं काही म्हणू नको, आधी जेव.

रविवारी ती टीमकडे कामावर गेली. मसाल्याचा डबा मीच बांधून दिला.

देवाने खूप दिलं बाई... आता टीम जिंकली की पेढे वाटीन. अन हरली, तर काऊन हरली ते विचारायला माझी तेजू तिथं बसली आहे.