चादरीवरची प्याजी पाकोळी

पडदा वर जातो. वैशाखातली पहाट, बीडजवळचं पाली. अंगणात एक पेरू, एक लिंबू आणि दोन्ही झाडांच्या मधे दोरीवर बांधलेली पांढरी चादर. शेजारी रात्रभर जळलेला बल्ब. दिव्यावर आलेल्या पाकोळ्या चादरीवर पंख पसरून निजलेल्या. समोर मोबाईल घेऊन पंचशीलावहिनी. प्रेक्षक मी एकटा. नायक मात्र आत, भिंतीकडे तोंड करून पडलेला.

नायकाचं नाव कचरू, वहिनींचा नवरा. आमच्या नाटकमंडळीचे पडदे तो रंगवायचा. मी ज्या राजवाड्यापुढे राजा म्हणून मिरवलो, तो त्याच्या हातचा; टाळ्या मात्र मला मिळाल्या. मंडळी मोडली, तसा तो परळीत दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. काम रात्री, दिव्याखाली. ओल्या रंगाला पाकोळ्या चिकटायच्या. तो ब्रशच्या टोकानं एकेकीला सोडवायचा. एखादीचा पंख फाटला, तर त्या रात्री त्याला जेवण जायचं नाही. पुढे फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. मग त्यानं घरी ही कोरी चादर बांधली. सकाळी वहिनी फोटो काढायच्या, तो एकेकीचा रंग सांगायचा आणि मोबाईल त्याचे बोल साठवून ठेवायचा.

यंदा काचबिंदूनं त्याची नजर गेली. तेव्हापासून त्यानं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. वहिनी चादर बांधतच राहिल्या.

"आत असेच पडून राहिले तर मानूस हातचा जाईल, भाऊजी," त्या मला हळूच म्हणाल्या. "म्हनून तुमाला बोलावलं."

मी राजाचा आवाज लावला. "कचरू, दरबार भरलाय."

"तुमचा दरबार तुमीच बघा, राजे," आतून उत्तर आलं. "तुमाला डोळे हायेत."

वहिनींनी मला हातानं गप्प केलं. मोबाईल तोंडाशी धरून त्या मोठ्यानं बोलू लागल्या, "पहिली पाकोळी. रंग हिरवा."

त्या पुढच्या पाकोळीपाशी सरकल्या.

"दुसरी. रंग गुलाबी."

"गुलाबी?" बाज करकरली. "पाकोळी हाय का बर्फाचा गोळा?"

"मग तुमीच येऊन सांगा. मला दिसतं ते मी बोलते."

भिंत चाचपत कचरू उंबऱ्यापर्यंत आला. "कशावानी हाय, नीट सांग."

"कांद्याच्या आतल्या सालीवानी."

"मग प्याजी म्हन की. इतकी वर्षं काय कालवलंस?"

वहिनींनी माझ्याकडे बघून हसू दाबलं. ज्या बाईनं जन्मभर त्याचे रंग कालवले, तिला प्याजी ठाऊक नव्हता होय! उभ्या आयुष्यात मला असं एक वाक्य साधलं नाही.

त्यांनी त्याला हाताला धरून चादरीपाशी आणलं आणि त्याचं बोट पाकोळीच्या पायांपुढे टेकवलं. ती अंमळ थांबली, मग बोटावर चढली. कचरूनं श्वास रोखला. दुसऱ्या हातानं चादर चाचपत राहिला.

"चादर धुतलीस?"

"काल."

"नीळ दिलीस?"

"थोडीच."

"उद्या देऊ नको. पांढऱ्यात निळं मिसळलं की तुला प्याजी कळायचा न्हाई."