गिरणीतून येणारे फोन

भालकीच्या छोट्या रेडिओ केंद्रावर दीपमाला रोज सकाळी बायकांशी गप्पांचा कार्यक्रम करायची. फोन यायचे मोजकेच, आणि आता त्या मोजक्यांवरही संशय आला होता.

"काल औरादची अक्कम्मा, आज मन्नाएखेळ्ळीची इंदिराबाई," केंद्रप्रमुख राजपाल तिरकस हसले. "आवाज मात्र एकच. घरचंच कुणी फोनवर बसवलाव का मॅडम?"

"न्हाई हो सर!"

"मग शोधा. फोन खोटे निघाले तर पुढल्या महिन्यापासून त्या वेळेला गाणी लावू."

दीपमालानं रेकॉर्डिंग कान देऊन ऐकलं. बोलण्यामागे घरघर चालू होती, आणि मधेच कंडक्टरची हाळी, "उदगीर, उदगीर!" म्हणजे फोन इथलाच, बसस्टँडमागच्या पिठाच्या गिरणीतला. आपल्याला घालवायला सरांनीच कुणाला पढवलं नसेल ना? हा किडाही डोक्यात वळवळलाच.

ज्वारीची पिशवी घेऊन ती गिरणीत गेली. गिरणीवाल्या तानुबाईनं तिला खालवर न्याहाळलं. "नव्या दिसायलाव. कुठल्या?"

आवाज तोच!

"मी रेडिओवरची दीपमाला. तुम्ही अक्कम्मा की इंदिराबाई?"

डबे घेऊन बसलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीनं तर तोंडच फिरवलं.

"चौकशीला आलाव व्हय?" तानुबाईनं गिरणी बंद केली. "इचारणं या साऱ्याजणींचं, आवाज माझा. यांना धीर होईना."

"पण खोटं नाव कामून, अक्का?"

"फोन लागला की तुमी आधी काय म्हणताव? पूर्ण नाव सांगा, गाव सांगा. पूर्ण नावात नवरा आला की! त्याचं नाव आमी उखाण्यात घेताव, ते बी लाजत. अन् गाव सांगितलं तर पीठ घरी जायच्या आधी सून काय बोलली ते सासूला ठाव!"

बायका फिसकन हसल्या. दीपमाला हसली नाही. ज्या प्रश्नाला ती आजवर बायकांना दिलेला मान समजत होती, तोच दारात कुत्र्यासारखा वाट अडवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा नाव-गाव ओठांवर आलेलं तिनं गिळलं. "बोला अक्का, ऐकतेय."

पलीकडे नुसतीच घरघर. मग एक बारीक, अनोळखी आवाज चाचरत बोलू लागला, आणि थांबेचना. त्या बाईनं फोन ठेवला न ठेवला तोच दुसरा आवाज.

काचेपलीकडून राजपाल डोळे बारीक करून बघत होते. गाणं लागताच आत आले. "कोण होत्या या?"

"विचारलं न्हाई सर," दीपमाला म्हणाली, आणि पुन्हा वाजणारा फोन उचलला.