शशिधररावांचा मालकंस आणि रानडुकरं

हांबुर्गच्या दक्षिणेला, पाइनच्या जंगलात, एका गावाने मिळून गोल्फचं छोटंसं मैदान केलंय. गवत कापायचं, पानं झाडायची, सगळं सभासदांनीच. शशिधर आगाशे निवृत्त झाले आणि "दिवसभर पायात पायात येऊ नका हो," असं बायकोने, शुभदाताईंनी बजावल्यावर तेही सभासद झाले.

खेळ यथातथाच. त्यांचा चेंडू जंगलातच जास्त रमायचा. पण त्यांना वाईट वाटत नसे, कारण चेंडू शोधता शोधता मनसोक्त गाता यायचं. घरात त्यांच्या गाण्याला कायमची बंदी होती. मुलगी केया तर लहानपणापासून कानांवर हात ठेवून ओरडायची, "पापा, बिट्टे निश्ट! नका ना गाऊ!"

यंदा रानडुकरांनी मैदान उकरून उच्छाद मांडला. स्पर्धेच्या दिवशी चेंडू शोधायला झुडपात वाकलेले शशिधरराव वर बघतात तो समोर भलंमोठं रानडुक्कर! मदतीसाठी ओरडायला तोंड उघडलं, पण सवयीने बाहेर पडली ती तान. डुकराने कान पाडले आणि अख्खं खटलं घेऊन धूम ठोकली.

क्लबच्या अध्यक्षा फ्राऊ ल्युडर्स धावत आल्या. "हेर आगाशे, हे काय होतं?"

"आल्झो... म्हणजे... मालकंस."

"गेनाऊ! अगदी हेच रोज संध्याकाळी पाहिजे."

शशिधरराव कुडता घालून, वर जाड जॅकेट चढवून निघाले, तेव्हा शुभदाताईंना हसू आवरेना. "अहो, लोकांना गायला बोलावतात. तुम्हाला डुकरं हाकलायला बोलावलंय!"

"मैफल ती मैफल," ते म्हणाले.

काही दिवस डुकरं फिरकली नाहीत. मग एके संध्याकाळी एक मादी झाडांच्या कडेला येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पिलं घेऊन आली. आठवडाभरात सगळा कळप हिरवळीवर ऐसपैस पसरून गाणं ऐकू लागला. उकरत नव्हती, पण हलतही नव्हती. गोल्फ बंद पडलं.

"गाणं थांबवा!" फ्राऊ ल्युडर्स कळवळून म्हणाल्या. शशिधररावांनी थांबवलं. डुकरं उठली आणि त्यांनी रागारागाने सातव्या भोकाभोवतीची हिरवळ नांगरून ठेवली.

शेवटी तोडगा निघाला. मैदानापासून बऱ्यापैकी लांब, जंगलातल्या मोकळ्या जागेत क्लबने एक बाक ठेवलं. संध्याकाळी शशिधरराव तिथे गातात, डुकरं तिथे जमतात, इकडे खेळ सुखाने चालतो.

एकदा शुभदाताई चहाचा थर्मास घेऊन गेल्या. आधी बिचकत लांब उभ्या राहिल्या, मग हळूच नवऱ्याशेजारी बाकावर टेकल्या. बराच वेळ ऐकलं. चहा ओतता ओतता कुजबुजल्या, "अहो, ती कडेची मान छान डोलावते, पण समेला चुकतेय."

"असू दे गं," शशिधरराव म्हणाले, "नवीन आहे."