अंगठ्याची तालीम

"मावशी, असा नाही. पूर्ण टेकवा अंगठा. मागच्या रांगेतून दिसला पाहिजे."

सायलीनं माझं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि तसाच उचलून पांढऱ्या पुठ्ठ्यावर टेकवला. वसतिगृहाच्या हॉलमध्ये पोरी जमल्या होत्या. एकीनं मोबाइल धरला होता. ती म्हणाली, "मावशी, चेहरा जरा बिचारा करा ना. तुम्ही हसताय."

मी हसत नव्हते. माझे दात पुढं आहेत, तोंडच तसं आहे.

"परत एकदा," सायली म्हणाली. परत शाई, परत पुठ्ठा. पुठ्ठे दोन होते. एकावर लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'. आधीवर अंगठा द्यायचा, मग नंतरपाशी जायचं, तिथं सायली माझा हात धरून सही करवून घेणार. मला कुणी जागा दाखवली नव्हती. पाटी वाचून मीच बरोबर जाऊन उभी राहिले. जिला वाचता येत नाही असं दाखवायचं होतं तीच बाई पाटी वाचून जागा ओळखते, हे त्या एवढ्या शिकलेल्या पोरींच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमाची तालीम संपली. मी खाली मेसमध्ये आले. संध्याकाळच्या पोळ्यांची कणीक मळायची होती. हात धुतले, घासणीनं घासले, लिंबू चोळलं. शाई निघंना. कणकेत निळी रेघ उठली. तेवढा गोळा काढून टाकला, तर पुढच्यातही निळं. शेवटी वैतागून मी अंगठा डोक्याच्या केसांना पुसला.

आणि तिथंच थांबले. हे मी कुठं शिकले? केसांना अंगठा पुसायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. ही माझ्या आईची सवय.

आमच्या गावात आई रेशन आणायला जायची तेव्हा दुकानदार शाईचं पॅड जमिनीवर ठेवायचा आणि पायानं तिच्याकडं सरकवायचा. हातात द्यायचा नाही. आमच्या वस्तीवर निळा झेंडा होता, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळतंच. आई वाकून अंगठा उठवायची, उभी राहायची आणि तो केसांना पुसून टाकायची, कुणी बघायच्या आत. मी तिचा पदर धरून उभी असायचे. आता रेशनच्या मशीनवर सगळेच अंगठा देतात, डॉक्टरपण देतो, मास्तरपण देतो. त्याचं मला काही नाही. मशीन पाय लावत नाही.

कणकेचा हात तसाच धरून मी लई वेळ उभी होते. डाळ लागली तेव्हा शुद्धीवर आले.

आता सगळं नीट सांगते. शहरातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. चितेगावहून रोज येते-जाते. नवरा गेला तेव्हा पोरगी चौथीत होती, तेव्हापासून हेच काम. या कॉलेजात मुलींचं एक भगिनी मंडळ आहे. लई नावाजलेलं. वर्षभर त्यांचे कार्यक्रम असतात. दिवाळीत वृद्धाश्रमात फराळ वाटतात, थंडीत करमाडच्या पलीकडं एका खेड्यात जाऊन झाडं लावतात, संक्रांतीला हळदीकुंकू, आणि मग स्नेहसंमेलन. पोरी वाईट नाहीत. एखादीला ताप आला की मीच मऊ खिचडी करून वर नेते. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आईच्या आठवणीनं रडते. रडणाऱ्या पोरीला जात नसते. ताप उतरला की परत येते.

मंडळाचं वर्ष सुरू होतं ते फीत बांधायच्या दिवशी. जुनी मुलगी नव्या मुलीच्या मनगटाला जांभळी फीत बांधते आणि म्हणते, आजपासून तू माझी बहीण. मग दोघींनी एका ताटात जेवायचं. हा त्यांचा रिवाज. कोण कुणाची बहीण झाली हे सगळ्यांना दिसावं म्हणून अंगणात सतरंज्या टाकून, दोघींमध्ये एक ताट. मला हा रिवाज मनापासून आवडायचा. खोटं कशाला बोलू. दरवर्षी मी त्या दिवशी पुरी-भाजी जीव लावून करायचे आणि दारातून बघायचे.

मागच्या वर्षी सायली मंडळाची अध्यक्ष झाली. तिच्या घरात कोण वकील, कोण मोठा अधिकारी. बोलायला गोड. फीत बांधायच्या दिवशी तिनं मला आतून बोलावलं. "मावशी, या. यंदा आपण मावशींनाही बहीण करणार." सगळ्यांसमोर माझ्या मनगटाला फीत बांधली. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी भारावून गेले हो. पदराला हात पुसत सतरंजीवर बसले, तिच्या समोर. मध्ये ताट होतं. पुऱ्या मीच लाटलेल्या.

सायली हळूच वाकली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं ताट आत काढलंय हं."

आवाज एवढा गोड की बाजूच्या मुलीला वाटलं असंल, माझी काळजीच घेतीये. मी उठले. माझ्या जागेवर दुसरी मुलगी येऊन बसली. आत ओट्यावर ताट होतं. ताटावर दुसरं ताट झाकलेलं, माश्या बसू नयेत म्हणून. एवढी माया. मी जेवले नाही. पण फीत काढली नाही. मनाशी म्हणलं, असंल काहीतरी, आपणच जास्त मनाला लावून घेतो. माणूस स्वतःला समजवायला किती हुशार असतो बघा.

मग पावसाळा सरल्यावर मंडळानं ठरवलं, यंदाची सेवा साक्षरतेची. एका बाईला लिहायला-वाचायला शिकवायचं आणि संमेलनात तिला उभी करायची. बाई शोधायला कुठं लांब जायची गरज नव्हती. मी मेसमध्येच होते. मला कुणी विचारलं नाही, मावशी तुम्हाला वाचता येतं का. माझ्याकडं बघून त्यांना उत्तर माहीत होतं.

शिकवायला प्राजक्ता नावाची पहिल्या वर्षाची मुलगी आली. पाटी, अंकलिपी, सगळं घेऊन. 'क' काढून म्हणाली, "मावशी, हा बघा क, कमळाचा." मी म्हणलं, "पोरी, मला येतंय की गं वाचता." आणि तिच्या पिशवीवर छापलेलं साड्यांच्या दुकानाचं नाव वाचून दाखवलं. ती लाजली, मग हसली.

"मावशी, तुम्ही कुठं शिकलात?"

"एस्टीत."

खरंच तसंच झालं होतं. इथं कामाला लागले तेव्हा नवीन नवीन, घरी जायला चुकून दुसऱ्याच गाडीत बसले आणि करमाडला जाऊन उतरले. पोरगी घरी एकटी, आणि मी तिथं रडत उभी. लोक हसत होते. तेव्हापासून स्टँडवर गाड्यांच्या पाट्या बघायची सवय लावली. पैठणचा ठ भाकरीसारखा गोल, तो आधी ओळखला. मग बिडकीनचा ब. मग पोरीचं पुस्तक, डाळीच्या पुड्याचा कागद, दुकानांच्या पाट्या. पोरीच्या शाळेत पहिल्यांदा सही केली तेव्हा बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही, पुढचे पालक बोलावले. मला तेच लई बरं वाटलं होतं. कुणी टाळी वाजवली नाही. जसं सगळ्यांचं तसं माझं.

प्राजक्तानं हे सायलीला सांगितलं. मी भांडी लावत होते, खिडकी उघडी होती, ऐकलं. सायली म्हणाली, "मग काय झालं? कार्यक्रमात थोडं नाटक असतंच. आता दुसरी बाई कुठून आणू?" पुढं संमेलनापर्यंत प्राजक्ता आठवड्याला यायची, माझ्या हातात पाटी द्यायची, फोटो काढायची आणि जायची. मी म्हणायचे, जाऊ दे, पोरींची हौस आहे. फोटोनं माझं काय झिजतंय.

झिजत होतं. ते तालमीच्या दिवशी कळलं, अंगठा केसांना पुसला तेव्हा.

संमेलनाच्या दिवशी मांडव भरला होता. कॉलेजचे लोक, पोरींचे आई-बाप. सायलीनं मला मंडळाची जांभळी साडी नेसायला दिली होती. मी माझी जयंतीला नेसायची पांढरी नेसून गेले. ती बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण माइक हातात होता म्हणून हसली.

"या आमच्या मावशी. वर्षापूर्वी यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं."

टाळ्या. मग माइक बाजूला करून, हळू, "मावशी, अंगठा."

पॅड टेबलावर उघडं होतं. मी त्याचं झाकण लावलं.

"मावशी, काय करताय?"

"राहू दे झाकलेलं, सायलीताई."

माझ्या पोरीपेक्षा लहान मुलगी, पण मी तिला ताई म्हणते आणि ती मला मावशी. बहिणी आम्ही अशा होतो.

'नंतर'च्या पुठ्ठ्यापाशी ठेवलेला पेन मी उचलला आणि 'आधी'च्या पुठ्ठ्यावर, जिथं अंगठा द्यायचा होता तिथं, माझं नाव लिहिलं. पूर्ण. खाली आईचं लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लांबून दिसंल एवढं मोठं काढलं. मग म्हणलं, "हे मला आधीपासून येतं. मंडळानं शिकवलं नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सायली माइकवर म्हणाली, "मावशी जरा घाबरल्यात."

"मी घाबरले नाही," मी म्हणलं. पण माइक तिच्याकडं होता. माझं बोलणं पहिल्या रांगेपर्यंतच गेलं. पहिल्या रांगेत प्राजक्ता होती. तिची मान खाली होती. तिला मी दोष देत नाही. पण ती मान मी विसरणारही नाही.

दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमनी ऑफिसात बोलावलं. सायली बसलेली, मी उभी. टेबलावर टाइप केलेला कागद. मॅडम म्हणाल्या, "मावशी, फार काही नाही. मंडळाची बदनामी झाली, मोठे लोक आले होते. यावर सही करा आणि विषय संपवा."

मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "मला लिहिता-वाचता येत नसल्यामुळे माझा गैरसमज झाला व मी चुकीचे वागले, त्याबद्दल मी माफी मागते."

वाचून झाल्यावर कागद मॅडमपुढं धरला.

"मॅडम, मला लिहिता येत नाही असं लिहिलंय, त्याच्याखाली सही कशी करू?"

मॅडम खिडकीकडं बघायला लागल्या. सायली तिकडून म्हणाली, "मग अंगठा द्या. चालेल."

तिला खरंच वाटलं की तिनं अडचण सोडवली.

मी कागद टेबलावर ठेवला. म्हणलं, "अंगठा नाय. सही पण नाय. कामावरून काढायचं असंल तर काढा, पण ते तुम्ही लिहून द्या, तुमच्या सहीनं." आणि पोळ्या करायला खाली आले. त्या दिवशी कणीक नीट मळली. चार बोटं आणि अंगठा लावून.

अजून लिहून कुणी दिलेलं नाही. मेसचा कंत्राटदार म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. बघा म्हणलं. पोरींनी काढलेले ते फोटो मंडळाच्या भिंतीवर तसेच लागलेत. माझ्या हातात पाटी, खाली लिहिलंय 'साक्षरतेकडे पहिले पाऊल'. मी रेक्टर मॅडमना सांगितलंय, ते काढा. नाही काढले तर मी काढणार, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, स्टुलावर चढून.

फीत बांधायचा दिवस आता जवळ आलाय. माझी जुनी फीत मी मेसच्या दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवलीये, येता-जाता सगळ्यांना दिसंल अशी. यंदा कुणी नवी घेऊन आली तर मी आधी विचारणार आहे, ताट कुठं मांडलंय. अंगणात सतरंजीवर, दोघींच्या मध्ये मांडलं असंल तर हात पुढं करीन. आत ओट्यावर असंल तर हात मागं.