फळ्यावरची विहीर

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्ही खानावळ काढली. बदली होऊन आलेले कारकून बिऱ्हाडाविना राहत होते, त्यांना दोन वेळची भाकरी लागणारच, असा आमच्या ह्यांचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. पण जिल्ह्याची नवलाई संपायच्या आत पावसानं पाठ फिरवली आणि ज्वारीपासून पाण्यापर्यंत सगळ्याला सोन्याचं मोल आलं. कारकून जेवायचे बेताचं आणि पाणी प्यायचे पोटभर.

मला मात्र लेखिका व्हायचं होतं. तेही चुलीपुढं बसूनच, कारण दुसरी जागा नव्हती. दोन्ही हात पिठात आणि डोकं गोष्टीत. भाकरी करपल्याचा वास आला की हे बाहेरून विचारायचे, “आज कोन मेलं गं गोष्टीत?”

गोष्टी मी पुण्या-मुंबईच्या मासिकांना पाठवायची. त्या इतक्या इमानानं परत यायच्या की पाकीट देताना पोस्टमनच ओशाळायचा. एकदा असंच पाकीट परत आलं आणि माझं डोकं फिरलं. खानावळीच्या दारात फळा होता. त्यावर हे रोज सकाळी वळणदार अक्षरात जेवणाचा बेत लिहायचे. मी खडू उचलला आणि वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी याच्या खाली गोष्ट लिहायला घेतली. तुम्ही नाही ना छापत? राहिलं. फळा आमच्या घरचा आहे.

गोष्ट एका हट्टी सुनेची होती. आमच्या जवळच्या लाकडाच्या अड्ड्यामागची, म्हणजे वखारीमागची, आटलेली विहीर ती एकटीच खोल करायला घेते. सगळा गाव हसतो, ती खणत राहते. रोज चार-पाच ओळी लिहायच्या, दुसऱ्या दिवशी त्या पुसून पुढच्या. कचेरीत जाणारे लोक सायकलवर एक पाय टेकवून वाचायला लागले. मी आतून बघायची आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

ह्यांना ते पसंत नव्हतं. “लोकं वाचायलेत आन् तसंच निगून जायलेत,” हे म्हणाले. “वाचूनच पोट भरायलंय त्यांचं. ही गोष्ट संपली की बास. मग फळा फक्त जेवनाचा.”

मी हो म्हटलं. आणि गोष्ट संपवायचीच नाही असं ठरवलं. सुनेला खणायला लावलं, कातळ लागला, पहार मोडली, नवी पहार आणायला माहेरी पाठवली, माहेरी चार दिवस मुक्काम करवला. शेवटी एक वयस्कर कारकून जेवता जेवता काकुळतीला आला. “वहिनी, आता तरी लागू द्या हो पाणी. नळाला नाही, निदान फळ्यावर तरी!” बाकीच्यांनीही माना हलवल्या. एवढे लोक तहानेले ठेवणं मला बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी जड मनानं, पण मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘लाकडाच्या अड्ड्यामागच्या विहिरीला पाणी लागलं. पाणी गोड आहे.’ फळा हातचा गेला म्हणून मला रडू येत होतं.

आमच्या कोपऱ्यावर त्या वेळी पाण्याच्या टँकरसाठी रांग लागलेली असायची. एक सायकलवाला आला, फळ्यावरच्या तेवढ्याच दोन ओळी वाचल्या आणि रांगेजवळून जाताना ओरडत गेला. नवा माणूस असणार, मागची गोष्ट त्याला काय ठाऊक! पुढच्या क्षणी हंडे, घागरी, बादल्या घेऊन अख्खी रांग अड्ड्याच्या मागं. तिथं होती बाभळीची झुडपं आणि बांधलेली एक शेळी. मग रांग आमच्या दारात.

“कुटं हाय हीर?” सगळ्यात पुढच्या बाईनं विचारलं.

“गोष्टीत,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शेजारच्या भाभींनी हंडा दाणकन खाली आदळला. “अगे, क्या लिखी गे तू! मेरा नंबर गया ना लाइन में!” दुसरी म्हणाली, “खोटं लिवायचं तर इतकं खऱ्यावानी कशाला लिवायलीस बाई?” माझी मान खाली होती, पण खोटं कशाला बोलू, ते ऐकून पोटात गुदगुल्या झाल्या. इतक्या मासिकांनी असं एक वाक्य कधी कळवलं नव्हतं.

ह्यांनी फळा पुसायचं फडकं उचललं. मी अडवलं नाही. शब्द दिला होता.

टँकर काही आला नव्हता. ऊन चढलेलं. बाकीच्या बायका आमच्या ओट्यावर टेकल्या. भाभी पालथ्या हंड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “अब बता, वो पानी पहले कौन भरी?”

“पहिलं तिच्या सासूनं भरलं आसंल,” कुणीतरी म्हणालं.

“सासूनं का? खनली कुनी?”

“आन् जे हसले त्यांना द्यायचं का न्हाई?”

बघता बघता सगळा ओटा भांडायला लागला. कुणी सासूकडून, कुणी सुनेकडून. पाणी लागलं की गोष्ट संपते असं मला वाटत होतं. ह्या बायकांना विचाराल तर ती तिथून पुढंच सुरू होत होती. मी मधे बसून सुचेल तसं सांगत गेले, त्या मला खोडत गेल्या. इतकी मजा मला लिहिताना कधी आली नव्हती. तव्यावरची भाकरी कुणी उलटली म्हणून आत पाहिलं तर हे चुलीपुढं उकिडवे बसलेले, आणि कान बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात आले. फळ्याच्या कोपऱ्यात ‘जेवण तयार आहे’ एवढंच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाकी फळा स्वच्छ पुसलेला, आणि खाली नवा खडू.

“बेत लिहायचा राहिला की,” मी म्हटलं.

“रोज वरन-भाकरीच तर हाय, त्याचं काय लिवायचं,” हे म्हणाले. “सासूला पानी दिलं का न्हाई, ते लिव आधी.”